उघडी गाडी घ्यायचीच असेल तर...

कट्ट्यावर एकदा हा प्रश्न टाकून बघा. पैशाची चिंता नाही, घरच्यांची परवानगी आहे, सोसायटीत पार्किंगसुद्धा आहे (तिन्ही एकदम खरं होणं अवघड, पण धरून चाला). जुनी गाडी एकच घ्यायची. एका बाजूला दोन सीटची, टप उघडणारी, जमिनीला चिकटून पळणारी क्लासिक स्पोर्ट्स कार. दुसऱ्या बाजूला कमानपाट्यांवर उभी असलेली, खडखडणारी, चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप. काय घ्याल?

अंबरनाथ पश्चिमेत तरी या प्रश्नाचं उत्तर मला विचारायच्या आधीच माहीत असतं. जीप! आणि कारणंही ठरलेली असतात. ‘अगं, आपले रस्ते बघ.’ ‘पावसात ती कार बुडेल.’ ‘जीपचा रुबाबच वेगळा.’ माझं मतही शेवटी जीपकडेच जातं, हे आधीच सांगून टाकते. पण तुमच्या या तीन कारणांमुळे नाही. त्यातलं तिसरं कारण तर मला जीपच्या विरोधातलं वाटतं.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. स्पोर्ट्स कार म्हणजे वेग आणि जीप म्हणजे ताकद, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आकडे काढले की गंमत दिसते. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप घ्या. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ६० हॉर्सपॉवर. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये बनायला लागलेली एमजी टीसी, म्हणजे कन्व्हर्टिबल म्हटल्यावर डोळ्यासमोर येते तशी, तारांच्या चाकांची, लांब नाकाची. १२५० सीसी, ५४ हॉर्सपॉवर. आणि आपल्या शेजारी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म. ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. तिघीही साठच्या घरात. आज तुमच्या मामाची स्विफ्ट सिग्नलला या तिघींना मागे टाकेल, तीही एसी लावून.

विलिस आणि एमजी तर जवळजवळ एकाच घरातल्या वाटाव्यात. दोघींना टप नाही, म्हणजे आहे ते कापडाचं. दोघींची समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. दोघींच्या नशिबात तेच युद्ध. अमेरिकी लष्कराने १९४० मध्ये हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची मागणी काढली आणि नमुना द्यायला मुदत दिली ४९ दिवसांची. बँटम नावाच्या छोट्याशा कंपनीने तो वेळेत बनवला. पुढे मोठं काम मिळालं ते विलिस आणि फोर्डला, आणि युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर गाड्या तयार झाल्या. इंग्लंडमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी दिवसभर जीप हाकली आणि संध्याकाळी गावातल्या एमजी बघितल्या. घरी परतल्यावर त्यांना एमजी हवी होती, जीप नाही! टीसी सगळ्या मिळून दहा हजारांच्या आसपासच बनल्या. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेत गेल्या, तेही स्टिअरिंग उजवीकडेच ठेवून, कारण डावीकडची टीसी कंपनीने बनवलीच नाही. म्हणजे ज्यांनी जीपमध्ये बसून खरंखुरं युद्ध काढलं, त्यांना रविवारी फिरायला नाजूक गाडी हवी होती. आपलं नेमकं उलट. आपण आठवडाभर लोकलमध्ये युद्ध करतो आणि रविवारीही युद्धाचीच गाडी मागतो.

आता आपल्याकडची गोष्ट. महिंद्रा कंपनी २ ऑक्टोबर १९४५ ला सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. पोलादाचा व्यापार करणाऱ्या या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू इथेच निर्मिती. तिथून सीजे मालिका आली, ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली, २०१० मध्ये थार आली आणि २ ऑक्टोबर २०२० ला तुम्हा सगळ्यांच्या वॉलपेपरवर असते ती नवी थार आली. पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ एकाच कुळातली गाडी आपल्याकडे अखंड बनते आहे.

जुन्या जीपचं म्हणाल तर आणखी एक नाव घ्यायलाच हवं. जोंगा. निसान पेट्रोलच्या आराखड्यावर जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेली, आणि नाव म्हणजे ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ची आद्याक्षरं. १९६९ पासून तीसेक वर्षं ती लष्करात राबली. धोनीने २०१९ मध्ये एक घेतली तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. आमच्याकडे ऑर्डनन्स इस्टेटमध्ये वाढलेल्यांना ते नवीन नव्हतं.

आणि सॅन स्टॉर्म? तिचं नाव ऐकलेला वाचक हात वर करेल का? बेंगळुरूच्या सॅन या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने १९९८ च्या सुमारास गोव्यात ही गाडी काढली. दोन दारं, दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, मागे घडी होणारं हूड, आराखडा फ्रान्समधल्या एका संस्थेचा, इंजिन रेनोचं. नव्वदच्या दशकात, जेव्हा मध्यमवर्गाचं स्वप्न मारुती ८०० किंवा फार तर झेन होतं, तेव्हा कुणीतरी गोव्यात बसून दोन सीटची उघडी कार बनवत होतं! ‘दिल चाहता है’ मधले तिघे मित्र उघड्या मर्सिडीजमधून गोव्याला निघण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मला हे धाडस फार आवडतं. ती फारशी विकली गेली नाही. कधी एखादी दिसली तर लोक तिला बाहेरून आणलेली समजतात. तिचा लोगो ओळखणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

तिचं काय चुकलं? दिसायला वाईट नव्हती. इंजिन साधं, भरवशाचं. पण १९९८ मध्ये भारतात रेनोच्या मोटारी विकल्याच जात नव्हत्या. रेनोची गाडी आपल्याकडे सर्रास दिसायला लागली ती २००७ मध्ये, लोगनच्या रूपाने, आणि तीही कुणाच्या सोबतीने? महिंद्राच्या. म्हणजे स्टॉर्मच्या इंजिनाचा एखादा भाग गेला की नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने तो आणायचा कुठून? समोरची काच फुटली तर? हूडचा सांगाडा वाकला तर? तिला सगळं तिचंच लागत होतं, आणि ती तर मोजकीच होती. ज्या गाडीचा भाग दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसत नाही, ती गाडी एकटी पडते.

जुन्या जीपचं नशीब इथे वेगळं निघालं. गंमत बघा, ऐंशीच्या दशकातल्या महिंद्राच्या जीपमध्येही फ्रेंच इंजिनच होतं, प्यूजोच्या आराखड्याचं २.१ लिटरचं डिझेल. पण ते आपल्या इगतपुरीजवळ बनत होतं आणि हजारो गाड्यांत बसत होतं. त्यामुळे त्याची नाडी सापडलेला मेस्त्री तालुक्या-तालुक्यात तयार झाला. एक फ्रेंच इंजिन पाहुणं राहिलं, दुसरं घरातलं झालं.

मी वाढले त्या अंबरनाथ पश्चिमेत गाडी दुरुस्त होणं म्हणजे काय हे शिकायला फार लांब जावं लागत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, एमआयडीसीतली छोटी-मोठी युनिट. आमच्या शाळेत निम्म्या मुलांचे बाबा टर्नर, फिटर नाहीतर इन्स्पेक्टर होते आणि घरी व्हर्निअर कॅलिपर असणं ही आम्हाला जगातली सगळ्यात साधी गोष्ट वाटायची. अशा गावात जीपचा एखादा भाग मिळाला नाही म्हणून गाडी उभी राहत नाही. कमानपाट्याची पिन झिजली, लेथवर नवी फिरवून घेतली. बुश गेलं, रॉड आणून कातून घेतलं. पाटे बसले, पाटेवाल्याकडे नेऊन पुन्हा कमान मारून घेतली. पत्रा सडला, दुसरा ठोकला. जीपचे पत्रे सपाट असतात, ते युद्धात झटपट बनवता यावेत म्हणून. त्यामुळे एमजीच्या मडगार्डची ती सुरेख वळणं काढायला जसा हाताचा कलाकार लागतो, तसा इथे लागत नाही. चांगला वेल्डर पुरतो. आणि उरलेलं सगळं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. उल्हासनगरात तर काहीही बनतं हा विनोद तुम्हाला माहीतच आहे: ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विलिस जीप खरोखरची मेड इन यूएसए, तेव्हा तिचे भाग या यूएसएमध्ये मिळायला हरकत नाही! तसंही उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. आपण आजही ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ म्हणतो ते त्यामुळेच. त्या युद्धात ब्रिटिश-अमेरिकी फौजा जिथे जिथे होत्या तिथे जीप होती. मग छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. मोडलेलं जोडून पुढे जाण्याची सवय या पट्ट्याला तेव्हापासूनची.

तर माझं जीपच्या बाजूचं कारण हे आहे. ती दुरुस्त होते. आणि ती दुरुस्त करणारे हात आपल्या गल्लीत आहेत. रस्ते, पाऊस, रुबाब, हे सगळं नंतर.

रस्त्यांचं म्हणाल तर कल्याण-बदलापूर रस्ता पावसाळ्यात ऑफ-रोड ट्रॅक होतो हे मान्य. पण त्यावर शेअर रिक्षा चालतेच ना? तीन चाकांची, पाच-सहा माणसं भरलेली. खड्ड्यांसाठी चारही चाकांना ताकद लागत नाही, सबुरी लागते. लो गिअर टाकायची वेळ चिखलात, चढावर, नदीपात्रात येते, आणि तुम्ही मलंगगडच्या पायथ्याला किंवा बारवीच्या बाजूला जाऊन भाताच्या खाचरांच्या बांधांवरून जीप नेणार असाल तर त्यात रुबाब काही नाही. तो कुणाचा तरी वर्षाचा तांदूळ आहे. पावसात कार बुडेल म्हणता, जीपही बुडते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला होड्या लागल्या होत्या. उल्हास नदी तुमच्या गाडीचे टायर किती इंची आहेत ते बघत नाही. बाकी ताडपत्रीचं टप दोन्ही गाड्यांना गळतंच. जून ते सप्टेंबर तुम्ही दोन्हींत भिजणार. फरक एवढाच की स्पोर्ट्स कारमध्ये कार्पेट असतं, ते पुढे दिवाळीपर्यंत वास मारतं. जीपच्या फरशीवरून पाणी खाली जातं आणि तुम्ही झाडू मारून मोकळे.

आता रुबाब. इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

उघडी जीप आपल्याकडे कुणाची आहे? निवडणुकीत उमेदवाराची. जयंतीच्या मिरवणुकीत हार घालून उभ्या राहिलेल्या नेत्याची. अलीकडे लग्नातल्या एंट्रीची. म्हणजे वर उभं राहून खालच्यांकडे बघायची गाडी. हिंदी सिनेमातलं कदाचित सगळ्यात लाडकं उघड्या गाडीचं गाणं ‘आराधना’मधलं आहे, १९६९ चं. त्यात राजेश खन्ना जीपमध्येच आहे, पण तो माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या मित्रासोबत रस्त्याने जातोय आणि ट्रेनमधल्या मुलीकडे बघून लाजत-हसत गातोय. त्या जीपमध्ये दादागिरी नव्हती. ती कधी आणि कशी शिरली? मला वाटतं, ज्या दिवशी जीपचं काम संपलं आणि ती नुसती दाखवायला उरली, त्या दिवशी. डाक नेणारी, डॉक्टरला पाड्यावर नेणारी, निवडणुकीच्या मतपेट्या वाहणारी गाडी दादागिरी कशाला करेल? तिच्याकडे वेळ नव्हता.

या बाबतीत स्पोर्ट्स कार मला जास्त प्रामाणिक वाटते. दोन सीट, डिकीत एक पिशवी, आणि ‘मी मौजेसाठी आहे’ असं तोंडावर सांगणं. कधीच मातीत न उतरणारी, पण स्नॉर्कल, विंच, सहा एलईडी आणि रुंद टायर लावलेली जीप मात्र रोज खोटं बोलते. अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या गर्दीत विंच कशाला हवी? अडकलेल्या रिक्षा ओढायला?

आणि हे नुसतं चवीचं भांडण नाही, कायद्याचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या मूळ स्वरूपात मनाने बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. इंस्टावर दिसणाऱ्या, पंजाब-हरियाणाकडून बनवून आणलेल्या त्या झकास ‘मॉडिफाइड विलिस’ बघून तुम्ही मित्र-मित्र पैसे जमवत असाल, तर थांबा. त्यांतल्या कित्येक गाड्यांची चॅसिस एका गाडीची, इंजिन दुसरीचं, बॉडी काल ठोकलेली आणि कागद तिसऱ्याच गाडीचे असतात. दंड ही तिथे लहान गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि समोरच्याची भरपाई ज्याच्या नावावर आरसी आहे त्याच्या गळ्यात पडते. म्हणजे तुमच्या, किंवा बहुतेक वेळा तुमच्या बाबांच्या.

इथेच मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न येतो, आणि त्यावर माझं सरकारशीही पटत नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, नोंदणी फी २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,०००. नंबर प्लेटवर राज्यानंतर ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. आणि मुख्य अट, गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालणार नाही.

वाचायला ठीक वाटतं. आता ही अट कुणाला फिट बसते ते बघा. मुंबईतल्या एखाद्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये कापडाखाली झाकून ठेवलेली, वर्षातून एकदा रॅलीला निघणारी एमजी. तिचं मूळ इंजिन शाबूत आहे, कारण ते फारसं चाललंच नाही. तिला व्हीए नंबर मिळेल, आणि मिळावाच. पण साठच्या दशकातली एखादी पेट्रोल जीप, जी घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याने दूध घालायला वापरली, पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं, दोनदा पत्रा बदलला, मागे दोन बाकडी टाकून पोरं शाळेत सोडली? ती ‘मूळ स्वरूपात’ नाही. ती नियमाच्या लेखी वारसा नाही, नुसती जुनी गाडी. तिला १५ वर्षांपुढे दर पाच वर्षांनी फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून देशी मोटारीला ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली.

धूर कमी व्हावा म्हणून जुन्या गाड्यांवर बंधनं असावीत, याला माझा विरोध नाही. कल्याण ते बदलापूर हवा आपण सगळेच खातो. माझा आक्षेप ‘मूळ’ या शब्दाला आहे. जिला बनवतानाच ‘रणांगणात मोडेल, सापडेल त्याने जोडा’ असं सांगून बनवलं, तिचं मूळ स्वरूप म्हणजे जोडलेलं स्वरूप. साठ वर्षांत बदललेलं प्रत्येक बुश हा तिचा इतिहास आहे. आजीच्या गोधडीतलं मूळ कापड कुठलं, असं आपण विचारतो का? स्पोर्ट्स कार थांबवून जपता येते. जीप चालवूनच जपावी लागते. दोन्हींना एकच मोजपट्टी लावली की पैसेवाल्याची हौस वारसा ठरते आणि कष्टकऱ्याची गाडी भंगार.

मला विचाराल तर आरसीला जोडून दुरुस्तीची एक वही असावी. कधी, कुणी, काय बदललं, आरटीओने तपासलं, शिक्का मारला. सुरक्षित असेल, धुराची चाचणी पास होत असेल, तर ती वही म्हणजेच गाडीचा दाखला. दुरुस्ती आणि नटवणं यातला फरक त्या वहीतून लगेच कळेल. झिजलेली पिन बदलणं एका बाजूला, विंच लावणं दुसऱ्या बाजूला.

अस्सल-नक्कल यावरून आठवलं. महिंद्राने २०१८ मध्ये अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची शेतावर चालवायची छोटी गाडी आणली. जीप हे नाव तेव्हा ज्यांच्याकडे होतं त्या फियाट क्रायस्लरने तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जुन्या रूपातली रॉक्सर विकायला बंदी घातली. चेहरा बदलल्यावर मग परवानगी मिळाली. जिने विलिसचाच परवाना घेऊन मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, त्या कंपनीला सात दशकांनी ‘तू जीपसारखी दिसू नकोस’ असं सांगण्यात आलं! कायद्याने बरोबर असेलही. पण मूळ कोण, हे ठरवणं किती अवघड असतं ते यावरून बघा.

तरीही तुम्ही जीप घेणारच असाल, तर कोण काय म्हणतंय ते सोडा आणि गाडीखाली झोपा. खरंच झोपा, चटई घेऊन. चॅसिसवर कोरलेला नंबर स्वतः वाचा आणि आरसीवरच्या नंबराशी जुळवा. इंजिन नंबरही. इंजिन बदललेलं असेल तर ती नोंद आणि इंधनाचा प्रकार आरसीवर आलाय का ते बघा. ‘एजंट करून देईल’ हे उत्तर ऐकलं की तिथून चहा पिऊन परत या. बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथलं ना-हरकत पत्र आधी, पैसे नंतर. आपल्या एमएच-०५ मध्ये नोंद व्हायला ते लागतंच. मग चालवून बघा. स्टिअरिंग किती मोकळं फिरतं, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का, लो गिअर पडतो का. पॉवर स्टिअरिंग नसेल, त्यामुळे पहिल्या दिवशी खांदे दुखतील. ही गाडी उंच आणि अरुंद असते, वळणावर वेगात उलटते, आणि जुन्या जीपला ना पट्टे ना डोक्यावर लोखंडी कमान. साठच्या पुढे नेऊ नका. पट्टे मात्र जरूर बसवून घ्या, तेवढा बदल रीतसर परवानगीने करून मिळतो का ते आरटीओत विचारा. आणि आठवड्याचे दोन तास एखाद्या म्हाताऱ्या मेस्त्रीच्या गॅरेजात घालवायची तयारी ठेवा. शिव्या खाव्या लागतील. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्या यूट्यूब चॅनेलवर नाही आणि त्यांच्यानंतर ते कुठे असेल ते सांगता येत नाही.

स्टॉर्मवाल्यांनी नाराज होऊ नये. गोव्यात किंवा पुण्यात कुणाकडे ती झाकून ठेवलेली असेल तर ती विकू नका, तोडू नका, आणि तिच्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन तर मुळीच घालू नका. नियम हाच राहिला तर पहिल्या स्टॉर्मना व्हीए नंबर मिळायला २०४८ उजाडेल. तोवर हूड फाटलं तर उल्हासनगरात या. इथे ताडपत्री शिवणारे अजून आहेत.